रेषामाईंचा लाल दिवा

कापड उन्हात आलं आणि जिन्यावरच्या तीस-पस्तीस बायकांनी एकदम श्वास आत ओढला. त्यातल्या बहुतेक जणी पोटुशा होत्या, तेव्हा तो श्वास साठ-सत्तर जीवांचा धरायला हरकत नाही.

"आल्या! बघा, आल्या!" रेषामाई गॅलरीच्या कठड्याशी उभ्या राहून ओरडल्या. दोन्ही हातांनी त्यांनी एक पांढरं कापड ताणून धरलं होतं. मघाशी आत नेताना कोरं होतं ते. आता त्याच्यावर गुलाबी रेषा उमटल्या होत्या, वाकड्यातिकड्या, बरोबर गरोदर बाईच्या पोटावर उमटतात तशा. "पोटावरच्या कापडावर घेतल्या! पोट मोकळं झालं!"

मागून त्या पोटाची मालकीण बाहेर आली. कमरेभोवती रुंद पट्टा गच्च गुंडाळलेला आणि डोळ्यांत पाणी. दोघी-तिघींनी तिचे हात हातात घेतले. मोक्ष मिळालेल्या माणसाला हात लावावा, तसे.

हे सगळं एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चाललं होतं. खाली पॉलिश मारायचं काम चालू होतं, त्याचा वास जिन्यात भरलेला. एका पायरीवर दोघी याप्रमाणे बायका बसल्या होत्या आणि वरची बाई आत गेली की सगळी रांग हुश्श करत एकेक पायरी चढत होती. रांगेत मी अकराव्या पायरीवर होते. मला मूल होणार नव्हतं, माझी मुलं कॉलेजात आहेत. मी धाकटीची पिशवी सांभाळायला आले होते.

धाकटी म्हणजे माझी बहीण. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात, आता स्वतः आई व्हायची वेळ आली तरी. आणि मी फोटो स्टुडिओ चालवते. सव्वीस वर्षं झाली. आहे त्यापेक्षा माणूस बरा दाखवणं हा माझा धंदा असल्यामुळे दुसरं कुणी तोच धंदा करत असेल तर मला जरा लवकर वास येतो. त्या दिवशी मात्र पॉलिशचा वास जास्त होता असं म्हणू.

धाकटी पोहायला शिकवते. तलावावर मुलींची सकाळची बॅच तिची आणि बायकांची दुपारची. दहा फुटांच्या फळीवरून उलटी उडी मारणारी ही बाई. पण सातव्या महिन्यात बेंबीखाली लालसर रेषा दिसायला लागल्या, मग मांड्यांवर, आणि ती पाण्याच्या काठापर्यंत टॉवेल गुंडाळून यायला लागली. कपडे बदलायच्या खोलीत एका विद्यार्थिनीची आई म्हणाली, "अगंबाई, वेळेवर तेल नाही का लावलंस?" जसं काही धाकटीने अभ्यास केला नव्हता आणि हा तिचा निकाल होता.

तेल लावलं होतं तिने. चार प्रकारची तेलं आणि दोन प्रकारची क्रीमं. प्रत्येक बाटलीवर एक बाई आपल्या गुळगुळीत पोटाकडे बघून हसत होती. त्यातली एकही बाई गरोदर नव्हती, हे मी तिला धंद्याच्या अनुभवावरून सांगितलं होतं.

मग ती डॉक्टरीणबाईंना विचारायला गेली. मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी पोट बघितलं आणि सरळ सांगितलं, "त्वचा भराभर ताणली गेली की आतला थर जागोजागी विरतो. आईला असतील, अंगकाठी तशी असेल, वजन झटकन वाढलं असेल, तर जास्त येतात. हमखास थांबवेल असं तेल किंवा क्रीम अजून तरी निघालेलं नाही."

"मग लावू काय?"

"साधं मॉइश्चरायझर लाव. त्वचा मऊ राहील, ओढल्यासारखं कमी वाटेल. बाळंतपणानंतर वर्षभरात रेषा फिकट होतात, चंदेरी होतात. पूर्ण जात नाहीत. पुढे फारच नकोशा वाटल्या तर त्वचेच्या डॉक्टरांकडे उपाय आहेत, त्यांनीही फक्त कमी दिसतात. आणि रेषा घालवायची कडक क्रीमं आत्ता लावू नकोस, त्यातली काही बाळाला चालत नाहीत."

एवढं सगळं खरं बोलल्यावर त्या बाईंवर कुणाचा विश्वास बसणार? धाकटी बाहेर येऊन म्हणाली, "यांना काही येतच नाही."

रेषामाईंना सगळं येत होतं. तलावावर तिकिटं फाडणाऱ्या काकूंनी त्यांचा पत्ता दिला. काकू म्हणाल्या, "माझ्या सुनेच्या साफ गेल्या."

मी विचारलं, "तुम्ही बघितलंत?"

"बघायचं नसतं, बाळंतपण होईपर्यंत. नजरेने परत येतात. पण कापड आहे ना घरी! कपाटात ठेवलंय."

तर अशा रीतीने आम्ही अकराव्या पायरीवर पोचलो आणि तासाभराने आत.

आतली खोली लाल होती. खिडक्यांना जाड काळे पडदे होते आणि छताला एकच लाल दिवा. आत जाण्याआधी एक छोटी मधली खोली होती. तिथे आधी साध्या दिव्यात आरशासमोर उभं करून माई स्वतः प्रत्येकीचं पोट तिला दाखवायच्या, एकेका रेषेवरून बोट फिरवत. "ही बघ. ही बघ. आणि ही किती खोल गेलीये!" पाच मिनिटांत धाकटीचा चेहरा इतका पडला की तिला कुणी पोट कापून टाकायला सांगितलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

मग लाल खोलीत बाकावर झोपवलं. तलावाचा पांढरा टी-शर्ट वर सरकवून छातीशी गोळा केला. माई उशाशी बसल्या आणि बोलायला लागल्या. बोलणं असं की त्यात श्वास घ्यायला जागा नाही. "हा प्रकाश ओळखतेस? तुझ्या बाळाला आत हाच प्रकाश दिसतो. या प्रकाशात आईची कातडी परत बाळाची कातडी होते. कातडीला आठवण असते, बाई. ती ताण विसरत नाही. आपण तिला विसरायला लावायचं. ऊर्जा खालून वर, वरून बाहेर. शंका आणू नकोस, शंकेने कातडी आखडते."

हे शेवटचं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

त्यांनी पांढऱ्या कापडावर बाटलीतून फवारा मारला, दव म्हणे, ते ओलसर कापड पोटावर पसरलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि झटक्यात उचललं.

पोटावर एकही रेष नव्हती.

खोटं कशाला सांगू, क्षणभर माझंही तोंड उघडं राहिलं. मी वाकून बघितलं. गुळगुळीत पोट. धाकटी मान उचलून बघत होती आणि हसत होती. गेल्या महिनाभरात ती अशी हसली नव्हती. मग माझी नजर तिच्या छातीशी गोळा झालेल्या टी-शर्टवर गेली. त्यावर समोर मोठ्या लाल अक्षरांत 'जलतरण प्रशिक्षक' लिहिलेलं असतं. अर्धं तरी दिसायला हवं होतं. टी-शर्ट कोरा होता.

माईंनी पोटावरच्या रेषा घालवल्या हे एक वेळ मान्य. पण छापखान्यातली अक्षरंही घालवली?

सगळं डोक्यात लख्ख झालं. डिजिटल येण्याआधी मी आठ वर्षं डार्करूममध्ये लाल दिव्याखाली काढली आहेत. लाल उजेडात पांढराही लालच दिसतो आणि लालही लालच. लाल पेनाने कागदावर लिहा आणि लाल दिव्यात वाचून दाखवा, मी स्टुडिओ तुमच्या नावावर करते. धाकटीच्या रेषा ताज्या होत्या, लालसर. त्या गेल्या नव्हत्या, उजेडात बुडल्या होत्या.

मी तिथेच बोलायला हवं होतं. बोलले नाही. माई पट्टा बांधत होत्या आणि सांगत होत्या, "हा बाळंतपणापर्यंत काढून बघायचा नाही. अंघोळसुद्धा अंधारात." धाकटीचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, राहू दे. चार दिवस आनंदात राहील, आपलं काय जातंय? शहाण्या माणसांचं हे नेहमीचं वाक्य आहे. फसवणाऱ्यांची निम्मी कमाई याच वाक्यावर चालते.

नऊ दिवसांनी सकाळी मी तिच्याकडे गेले, तेव्हा ती स्वयंपाकघरात थंडगार फरशीवर अनवाणी उभी होती आणि तळहात नळाखाली धरले होते.

"काय गं?"

"खाज. तळहातांना आणि तळपायांना. चार रात्री झोप नाही, ताई. रात्री फारच वाढते."

मी हात बघितले. ना पुरळ, ना गांधी. नुसते नखांचे ओरखडे, काही ठिकाणी रक्त आलेलं.

"डॉक्टरीणबाईंना दाखवलंस?"

"माईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे. रेषांची मुळं हातापायांत असतात, ती उपटून निघतायत. आत्ता डॉक्टरकडे गेलं आणि औषध घेतलं तर परत खाली बसतील."

"आणि तू ऐकलंस?"

"पोटावरच्या गेलेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात, ताई! तूही बघितल्यास! तू तिथेच होतीस!"

मी तिथेच होते. त्या चमत्काराची मी साक्षीदार होते आणि माझं गप्प राहणं हाच तिच्यासाठी पुरावा झाला होता. मी लगेच तिच्यासमोर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावला. सिस्टरने दोनच प्रश्न विचारले. पुरळ आहे का? रात्री वाढते का? मग म्हणाली, "आत्ता घेऊन या. थांबू नका."

"मी येणार नाही," धाकटी म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांना माझं चांगलं झालेलं बघवत नाही."

भांडायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "बरं. दवाखान्यात नको. माझ्या स्टुडिओत चल, दहा मिनिटं. माईंचं कापड बरोबर घे. नंतर तू म्हणशील तसं."

स्टुडिओ दवाखान्याच्या वाटेवरच आहे. जुनी डार्करूम आता अडगळीची झालीय, पण लाल दिवा अजून लागतो. धाकटीला साध्या उजेडात आरशासमोर उभं केलं आणि पट्टा काढला. ती किंचाळलीच, कारण रेषा सगळ्या जागेवर होत्या, पट्टा दाबून झालेल्या वळांसकट.

"तू काढायला लावलास म्हणून परत आल्या!"

"थांब." मी साधा दिवा बंद केला, लाल लावला. "आता बघ."

आरशात गुळगुळीत पोट. मी साधा दिवा लावला, रेषा. लाल लावला, गायब. तिसऱ्या वेळी तिने माझा हात बाजूला केला आणि बटण स्वतः दाबलं. मग पुन्हा दाबलं. सात-आठ वेळा तरी ती ते बटण दाबत राहिली.

"आणि कापड?" तिने विचारलं.

मी तिच्याच स्वयंपाकघरातून उचललेलं लिंबू एका वाटीत पिळलं आणि कापडाच्या कोपऱ्यावर दोन थेंब टाकले. माईंनी मुळासकट उपटलेल्या दोन रेषा आमच्या डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या. वरून डार्करूममध्ये उरलेल्या धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं, परत आल्या. "शाळेच्या प्रयोगशाळेत एक औषध असायचं, आठवतंय? एरवी पाण्यासारखं, सोडा लागला की गुलाबी. त्या औषधाने रेषा आधीच काढून वाळवायच्या. बाटलीतलं दव म्हणजे सोड्याचं पाणी. लाल खोलीत गुलाबीही दिसत नाही, म्हणून तर कापड दाखवायला गॅलरीत आणतात."

धाकटीने वाटी सरकवली. "चल दवाखान्यात."

रक्त तपासलं. यकृताचा त्रास निघाला. गरोदरपणात काही जणींचं पित्त नीट वाहत नाही आणि ते रक्तात साठतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आईला खाज सुटते, बाळाला मात्र खरा धोका असतो, आणि तो धोका खाजेसारखा ओरडून सांगत नाही. त्यांनी तिला तिथेच ठेवून घेतलं, औषध सुरू केलं, पोटाला पट्टे लावून बाळाचे ठोके ऐकवले. मशीनमधून घोडा धावल्यासारखा आवाज यायला लागला तेव्हा धाकटी पहिल्यांदा रडली.

"आम्ही अजून आठवडाभर थांबलो असतो तर?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या बाईंची खरं बोलायची खोड काही जात नाही.

मी निघाले तेव्हा धाकटीने माझी ओढणी धरली. "ताई, त्या जिन्यावर आत्ता किती जणी बसल्या असतील?"

दुसऱ्या दिवशी मी तिकिटवाल्या काकूंना गाठलं. त्यांना लिंबू आणि सोडा दाखवला. त्या दोनदा स्वतः थेंब टाकून बघून म्हणाल्या, "सुनेचं कापड आणते." आणि आणलंही. आम्ही दोन्ही कापडं शेजारी पसरली आणि मला हसू आवरेना. धाकटीच्या कापडावर डावीकडून तिसऱ्या रेषेला खाली बेचकी होती. सुनेच्या कापडावरही डावीकडून तिसऱ्या रेषेला खाली बेचकी होती. माईंनी एकच साचा कापून ठेवला होता आणि सगळ्या पोटांचं पाप त्याच साच्यातून काढत होत्या.

आम्ही जिना चढलो. माई नुकत्याच एक कापड घेऊन गॅलरीत आल्या होत्या. "आल्या! बघा, आल्या!"

"माई, एक मिनिट," काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या. तलावावर दोनशे पोरांना ओरडायची सवय आहे त्यांना. "बायांनो, दुसऱ्यांदा आलेल्या कोण कोण आहात? कापडं आणलीत ना? माई आणायला सांगतात. जरा काढा बाहेर."

सात-आठ जणींनी पिशव्यांतून कापडं काढली. मी त्यांना ती गॅलरीच्या कठड्यावर शेजारी शेजारी धरायला लावली. मागून ऊन. सगळ्या कापडांवर तिसऱ्या रेषेला बेचकी. माईंच्या हातातल्या ताज्या कापडावरही.

एकीने बोटाने मोजलं. दुसरीने आपलं कापड शेजारणीच्या कापडावर ठेवलं आणि ते तंतोतंत बसलं.

"पोटं वेगळी, रेषा एकच कशा हो माई?" कुणीतरी विचारलं.

माई डगमगल्या नाहीत, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. "स्त्रीचं दुःख एकच असतं, बाई," त्या म्हणाल्या.

दोघी-तिघींनी मान डोलावलीसुद्धा. पण तेवढ्यात काकू आत गेल्या होत्या आणि त्यांनी लाल खोलीचा काळा पडदा बाजूला ओढला. बाकावरची बाई नुकतीच उठून बसत होती, पट्टा बांधायचा राहिला होता. खिडकीतून ऊन सरळ तिच्या पोटावर पडलं. तिने खाली बघितलं. रेषा होत्या तिथेच होत्या.

"ऊन पाडलंत! आता सगळं वाया गेलं!" माई ओरडल्या. "यांनीच आणल्या परत!"

मी लाल दिव्याचं, सोड्याचं, सगळं उभ्या उभ्या सांगितलं. कुणी शिव्या घातल्या, माईंना आणि थोड्या मलाही. कुणी मुकाट्याने खाली उतरल्या. चौघी म्हणाल्या की औषधपाण्याला विज्ञान ठीक आहे, पण श्रद्धाही हवी, आणि माईंची पुढची वेळ मागून घेतली. सगळेच शहाणे होतात असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी असते, माणूस कुठे बघतो ते मला माहीत आहे. त्याला जिथे बरं दिसतं तिथे.

शेवटी मी खाजेचं सांगितलं. "रेषांची थोडी खाज पोटावर येते, चालतं. पण तळहात-तळपाय खाजत असतील, पुरळ नसताना, रात्री वाढत असेल, तर ती मुळं नव्हेत. त्याच दिवशी डॉक्टर गाठा."

गर्दी पांगली. मी आणि काकू उतरायला लागलो. सहाव्या पायरीवर एक बाई अजून बसून होती. शिंप्याच्या दुकानात कामाला असावी, गळ्यात टेप होता, पिना टोचायची गादी मनगटाला. ती वर न बघता म्हणाली, "तळहातांचं काय म्हणालात मघाशी?"

तिने मुठी उघडल्या. ओरखडेच ओरखडे.

"किती दिवस?"

"पंधरा. माई म्हणाल्या, जितकी जास्त तितकं चांगलं."

काकूंनी तिची पिशवी उचलली, मी रिक्षा थांबवली. वाटेत ती फक्त एकदाच बोलली. "मला रेषांचं काही नव्हतं हो. नवरा म्हणाला, जाऊन ये."

धाकटीला साडेतीन आठवड्यांनी मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी दिवस पूर्ण भरायच्या थोडं आधीच बाळंतपण केलं. मुलगी लहानखुरी पण ठणठणीत आहे. खाज आठवडाभरात गेली. रेषा आहेत. त्या टेपवालीला मुलगा झाला, तो पाच दिवस काचेच्या पेटीत होता, आता घरी आहे. ती दवाखान्यात पोचली त्या संध्याकाळी त्याचे ठोके मंदावले होते. त्या रात्रीच त्याला बाहेर काढलं.

रेषामाईंनी जागा बदलली. आता म्हणे निळ्या दिव्यात गुडघे बरे करतात.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. कुणी तुमच्या अंगावर चमत्कार करून दाखवला, तर त्याला म्हणा, जरा खिडकी उघडा. चमत्कार खरा असेल तर उन्हाने त्याचं काही बिघडणार नाही. तो माणूस "बघू नका" म्हणाला की उठा आणि चालू लागा. आणि सोबत गेलेल्यांनो, तुम्हाला दिसलं तर तिथेच बोला. मी नऊ दिवस बोलले नव्हते. ते नऊ दिवस एका न जन्मलेल्या पोरीने माझ्या गप्प बसण्यापायी धोक्यात काढले.